शीग लावलेलं ऑइल

ये वं, अशी जवळ बस. तू तिकडे नरखेडला अन् मी इकडे हुडकेश्वरला, हे मला माहीत आहे. पण रागवायचं आहे न तुझ्यावर, अन् दुरून रागावलं की नुसता आवाज पोचतो, माया पोचत नाही. म्हणून बस.

काल फोनवर तू हसत हसत सांगितलंस, की तुझ्या जुन्या गाडीत ऑइलचा लाल दिवा लागतो, सारखा डोळ्यांत येतो, म्हणून त्याच्यावर तू टिकली चिकटवली. टिकली! अवं, ती कपाळाला लावायची वस्तू. गाडी तुला सांगून राहिली की बाई, माझ्या पोटात काही नाही, अन् तू तिच्याच तोंडावर हात ठेवते? आता आधी ऑइल पाहिल्याशिवाय गाडी सुरू करायची नाही. लाल दिवा लागला म्हणजे फार उशीर झाला, तिथपर्यंत पोचूच द्यायचं नसतं. अन् वरून म्हणते, "मावशी, गाडी ऑइल खाते, आता भंगारात देऊन टाकते." घाई करू नको. ऑइल खाणाऱ्या गाडीने आमच्या घरी काय केलं ते तुला अर्धंच माहीत आहे. बाकीचं अर्धं आज ऐक.

तुझ्या काकांना लकवा मारला तो थंडी सरता सरता. उजवा हात गेला, उजवा पाय गेला. बोलणं राहिलं, देवाची कृपा, पण चपलेत खडा गेलेल्या माणसासारखं अडत अडत चालायचं. दवाखान्यातून घरी सोडताना डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "आता औषधापेक्षा व्यायाम महत्त्वाचा. हे सुरुवातीचे महिने वाया गेले, तर मग हात-पाय वळणं कठीण होईल." धंतोलीला एक फिजिओथेरपीवाली डॉक्टर मुलगी होती, तिच्याकडे एक दिवसाआड न्यायचं ठरलं. एकही फेरी चुकवायची नाही, असं तिने पहिल्याच दिवशी बजावलं.

तेव्हा आमचा मुलगा पुण्याहून आला होता. त्याने मोबाइलवरून एक चकचकीत टॅक्सी बोलावली. गाडी सुंदर, पण बुटकी. सीट अशी खाली, की बसायचं म्हणजे जमिनीवर पंगतीला बसल्यासारखं. धडधाकट माणसाचं ठीक आहे, पण ज्याचा एक पाय ऐकतच नाही त्याने तिथवर वाकायचं कसं?

"बाबा, आधी डोकं वाकवा," मुलगा म्हणे.

"डोकं वाकवलं रे. बूड कुठं टेकवू?"

मुलगा इकडून धरतो, टॅक्सीवाला तिकडून धरतो, मी मधूनच "हळू, हळू" करते. तुझे काका निम्मे आत, निम्मे बाहेर अडकले. पायजम्याची नाडी दाराच्या कडीत गुंतली. शेवटी दोघांनी मिळून त्यांना उचलून आत ठेवलं, तर ते लगेच म्हणाले, "उतरवा." उतरवलं. व्हरांड्यातल्या खुर्चीवर बसले अन् मान खाली घालून म्हणाले, "मी येत नाही. मले पोत्यासारखं नका टाकू कोणी."

मुलगा घरात जाऊन रडला. मला दिसू नये म्हणून नळ सोडून रडला, पण आईला नळाचा आवाज कळतो.

मग मी म्हटलं, आपली गाडी काढा. आमची ती गाडी तू पाहिली आहे, वीस वर्षांहून जुनी. रंग उन्हाने विटलेला, पण तिची सीट म्हणजे खुर्चीच. दारही चांगलं रुंद उघडतं. तुझे काका पाठमोरे उभे राहिले, डाव्या हाताने दाराची वरची कड धरली, टेकले, अन् मी त्यांचे पाय आत वळवून घेतले. कोणी उचललं नाही. स्वतः बसले. बसल्यावर समोर पाहत एवढंच म्हणाले, "चला."

तेव्हाच ठरलं माझ्या मनात. ही गाडी चालते तोवर हा माणूस व्यायामाला जाईल. गाडी बसली की माणूसही बसला.

गाडी मला त्यांनीच शिकवली होती, चाळिशी उलटल्यावर. तेव्हा इकडे लेआउटचे नुसते दगड रोवलेले होते, घरं नव्हती. मोकळ्या प्लॉटांमधून मी गाडी फिरवायची अन् हे शेजारी बसून म्हणायचे, "घाबरू नको वं, आपटशील तर तणावरच आपटशील." लोक हसायचे, कुहीची पोरगी, धानाच्या बांधीतून आली अन् मोटार चालवून राहिली! पण त्यांनी शिकवलं, अन् त्या शिकवण्याचा उपयोग असा होणार आहे हे कोणाला ठाऊक होतं? मात्र वाटणी पक्की होती. स्टेअरिंग माझं, बॉनेट त्यांचं. बॉनेटखाली काय आहे ते मी कधी पाहिलं नाही अन् त्यांनी दाखवलं नाही.

आता बॉनेटही माझ्याकडे आलं. अन् नेमकी तेव्हाच गाडी धूर सोडायला लागली. सकाळी सुरू केली की मागून निळा ढग निघायचा. उमरेड रोडवरचा आमचा मिस्त्री घरी येऊन पाहून गेला. त्याने गाडीखाली एक पुठ्ठा सरकवला अन् म्हणाला, "उद्यापर्यंत राहू द्या काकू." दुसऱ्या दिवशी पुठ्ठा कोरडा.

"गळून नाही राहिलं. म्हणजे ऑइल खाते गाडी."

"खाते म्हणजे जाते कुठं?"

"इंजिनात जळते न. आतल्या रिंगा झिजल्या, रबराचे सील कडक झाले. वय झालं तिचं. तोच तो निळा धूर."

"मग आता?"

"इंजिन खोलावं लागन. पण खोललं की जुने पार्ट शोधण्यात महिना जाइन, दोन बी जाइन."

माझ्या तोंडाकडे पाहून त्यालाच कळलं. त्याची आई तशीच आजारी होती म्हणे काही वर्षांमागे. म्हणाला, "राहू द्या मग. इंजिन लगेच मरत नाही. खाते तोवर खाऊ घाला. फक्त उपाशी नका ठेवू. सकाळी गाडी सुरू करायच्या आधी, सपाट जागी ही डिपस्टिक पाहायची." असं म्हणून त्याने इंजिनात खोचलेली एक लांब पातळ पट्टी ओढून काढली. "पुसायची, परत घालायची, काढायची. ह्या दोन खुणा. खालच्या खुणेच्या खाली जाऊ द्यायचं नाही. वरच्या खुणेपर्यंत भरायचं." ऑइलही त्याने थोडं घट्ट, जुन्या इंजिनाला चालेल असं निवडून आणून दिलं. "अन् एकदम पळवू नका, चढावर रेस करू नका. आरामात न्या काकांना."

हे सगळं मी नीट ऐकलं. पण ऐकलं ते माहेरच्या, कुहीच्या कानांनी.

आमच्या बाबांचं धान मोजणं तुला आठवणार नाही, तू लहान होतीस. पायली भरली की ते थांबायचे नाहीत. वर ओंजळीने धान ओतत राहायचे, ढीग चढायचा, दाणे चहूकडून घरंगळायला लागले की मग म्हणायचे, "हं, आता झालं." ही वरची शीग लावल्याशिवाय माप दिलं असं आमच्याकडे कोणी समजतच नसे. पायलीवरून हात फिरवून सपाट माप देणाऱ्याचं गावात नाव निघायचं, अन् चांगलं नाही निघायचं. तर मिस्त्री म्हणाला वरच्या खुणेपर्यंत, अन् माझ्या मनाने घेतलं, वरची खूण म्हणजे सपाट माप. ही बिचारी गाडी माझ्या माणसाला पायावर उभं करायला एक दिवसाआड धंतोलीला जाऊन राहिली, अन् मी तिला हात फिरवून माप देऊ? वरच्या खुणेच्या वर थोडं. दुसऱ्या दिवशी अजून थोडं. हात आखडला नाही मी.

धूर वाढला. आधी ढग होता, आता आभाळ भरून यायला लागलं. शेजारच्या वहिनींनी त्यांच्या गच्चीवर कुरडया घातल्या होत्या. त्या कठड्यावरून ओरडल्या, "काकू, माझ्या कुरडयाईले धूप देऊन राहिल्या काय?"

"नाही वं बाई, गाडी आहे."

"गाडी आहे काय भट्टी? पाहुण्यायले वाढीन तर म्हणतीन, वहिनी, कुरडई पेट्रोल पंपावर तळली काय!"

मी ओशाळून हात जोडले. पण त्यांचं बोलणं तेवढंच, मन मोठं. दुसऱ्या दिवशी त्यांनी बाजा मागच्या अंगाला हलवल्या, अन् आमच्या निघायच्या वेळी येऊन स्वतः फाटक उघडायला लागल्या. पदर नाकाला लावून, खोकत खोकत फाटक धरायच्या अन् काकांना म्हणायच्या, "जा, चालत या आता." आजही त्या फाटकात दिसल्या की माझं मन भरून येतं.

मुलाचा फोन रोज यायचा. "आई, मिस्त्रीला विचारलंस का? इतका धूर म्हणजे इंजिन संपलं. रस्त्यात बंद पडली तर बाबांना घेऊन काय करशील? दे भंगारात. मी दुसरी उंच गाडी पाहतो." त्याचं चूक नव्हतं. उंच गाडी यायला वेळ लागला असता, पण भर दुपारी रस्त्यात अडकण्यापेक्षा बरं. एक दिवस धंतोलीहून येताना चौकात सिग्नलला थांबले, तर मागचे लोक नाकाला रुमाल लावून शिव्या देऊन राहिले. तुझे काका खिडकीतून बाहेर पाहत होते. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "माझ्यापायी गावाले त्रास नको. राहू दे ते व्यायाम."

मी तशीच बाहेर आले, बॉनेट उघडलं, अन् ऑइलचा डबा घेऊन गाडीशी बोलायला लागले. खरंच बोलले वं. म्हटलं, माय, अजून थोडे महिने. पोटभर खा, पण चाल.

एरवी हे बॉनेटकडे पाहायचे नाहीत. आपलं काम दुसरं कोणी करताना पाहणं त्यांना जमत नसे, ते आत भिंतीकडे तोंड करून बसायचे. त्या दिवशी माझी बडबड ऐकून दाराशी खुर्चीवर आले होते, मला कळलं नाही. मागून आवाज आला, "दाखव."

"काय?"

"पट्टी दाखव."

मी डिपस्टिक पुसली, घातली, काढली, त्यांच्यासमोर धरली. ऑइल वरच्या खुणेच्या कितीतरी वर चढलेलं. त्यांनी पट्टीकडे पाहिलं, माझ्या हातातल्या डब्याकडे पाहिलं, परत पट्टीकडे पाहिलं.

"हे काय वं?"

"कमी पडू नये म्हणून वरून थोडं घातलं."

"अवं, हे धान आहे काय? शीग लावली तू ऑइलले!"

अन् हसले. लकवा झाल्यापासून पहिल्यांदा हसले. तोंडाचा एकच कोपरा वर जात होता, दुसरा तिथेच, पण पोट हलत होतं, खुर्ची हलत होती. "कुहीवाली," म्हणाले, "शीग लावली!" मला आधी राग आला, मग मीही हसायला लागले, अन् हसता हसता रडायला लागले, अन् हातातला डबा तसाच. वहिनी कठड्यावरून पाहून म्हणतात, "काय झालं, धूर डोक्यात गेला काय दोघांच्या?"

तुला माहीत आहे, तुझे काका विणकरांच्या घरचे. आम्ही धानवाले शीग लावतो, अन् त्यांच्याकडे मागावर जितके धागे ठरले तितकेच. ते म्हणाले, "आमच्या मागावर एक धागा जास्त लागला तरी लुगड्याचा काठ ओढला जाते. तू तिथं असती न, तर माझ्या बुढ्या बापानं तुले मागाच्या खड्ड्यातच बसवून ठेवलं असतं." इतकं लांब वाक्य ते कितीतरी दिवसांनी बोलले होते, अन् अडले फक्त एकदा.

मिस्त्री आला, खालून जास्तीचं ऑइल काढलं. सांगत होता, ऑइल फार झालं की आत घुसळून फेस येते, अन् जिथून वाट मिळन तिथून वर चढून जळते. "भूक नव्हती काकू, गाडीले जास्त जेवण झालं होतं." काही फेऱ्यांतच धूर पुन्हा पहिल्यासारखा झाला, सकाळचा छोटा ढग, मग साफ. खाणं सुटलं नाही तिचं, जुनं इंजिन ते. पण धंतोलीची वाट सुटली नाही, हेच मला पुरे होतं.

पण खरी गोष्ट त्यानंतरची आहे. दुसऱ्या सकाळी मी बॉनेट उघडलं तर म्हणाले, "खुर्ची तिथं ने. तुझ्यावर भरोसा नाही." नेली. मी पट्टी पुसायला लागले तर म्हणे, "असं पुसतात काय? धागे चिकटतीन तिले. जुनं सुती कापड आण, धुतलेलं." आणलं. "दे इकडे." डाव्या हाताने पट्टी घेतली. आता कापड धरायला दुसरा हात पाहिजे न? तो मांडीवर पडलेला. फिजिओवाल्या मुलीने त्या हातासाठी स्पंजचा चेंडू दिला होता, तो त्यांनी एकदा पाहून भिरकावला होता. "मी काय लहान पोरगं आहे?" पण पट्टी पुसणं हे त्यांचं काम होतं, कितीतरी वर्षांचं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी कापड त्यांच्या उजव्या तळव्यावर ठेवलं, बोटं त्याच्यावर मिटवली, अन् वरून माझी मूठ धरली. डाव्या हाताने त्यांनी पट्टी हळूच मधून ओढून घेतली. स्वच्छ निघाली.

रोज सकाळी असं. आधी मूठ माझी, बोटं त्यांची. मग मी मूठ सैल करायची अन् पाहायची, किती वेळ धरतात. कापड पडायचं, मी उचलून द्यायची, ते गाडीला दोष द्यायचे, "पट्टीच तेलकट आहे." एक दिवस मी हात काढून घेतला अन् कापड पडलं नाही. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर पडलं असतं असं वाटलं. पट्टी ओढली, पुसली गेली, अन् ते म्हणाले, "मधोमध आहे. आज काही टाकू नको."

धंतोलीला त्या मुलीने हात तपासला. "काका, बोटं मिटून राहिली तुमची! चेंडू दाबता न घरी?"

"चेंडू-बिंडू नाही. ऑइल पाहतो."

तिला वाटलं, डोक्यावर काही परिणाम झाला. घाबरून माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं तेव्हा ती हसत सुटली. म्हणाली, "मग हेच दिवसातून तीनदा करा."

"तीनदा नाही," हे गंभीरपणे म्हणाले. "ऑइल एकदाच पाहायचं असते. सकाळी, थंड इंजिनावर."

आता तूच सांग, ती गाडी ऑइल खात नसती तर रोज सकाळी बॉनेट कोणी उघडलं असतं? नव्या गाडीचं बॉनेट कोण उघडतं? म्हणून मी त्या झिजलेल्या रिंगांचीही ऋणी आहे. मिस्त्रीची आहे, वहिनींची आहे, रोज फोन करून भांडणाऱ्या मुलाची आहे. अन् तुझ्या काकांची तर आहेच, ज्यांनी मला तणातून गाडी चालवायला शिकवली.

मागच्या आठवड्यात मुलगा आला तो मित्राची बुटकी गाडी घेऊन. तुझे काका काठी टेकत फाटकापर्यंत गेले, वाकले, बसले, अन् तिथून स्वतः उठूनही आले. मुलगा पुढे झाला तर म्हणाले, "दूर राह." मग घरात येऊन चहा पिताना मला म्हणाले, "मिस्त्रीले सांग, आता इंजिन खोलू दे. महिना लागो, दोन लागो. आपण कशातबी बसून जाऊ." कप उजव्या हातात होता. थोडा चहा बशीत सांडला, त्याचं काही नाही.

मला आनंद झाला, अन् थोडं रितंही वाटलं. रोजची सकाळ आमची दोघांची झाली होती ती. त्यांनाही तसंच वाटलं असणार, कारण कप खाली ठेवून म्हणाले, "पण लगेच नको. पोरगी येऊन जाऊ दे एकदा." पोरगी म्हणजे तू.

तेव्हा बाई, तुझी गाडी तिथेच सपाट जागी उभी ठेव, तिथल्या मिस्त्रीला दाखव, अन् तू आधी एसटीने इकडे ये. स्टँडवर मी घ्यायला येईन, काका माझ्या शेजारी बसून येतील. सकाळी त्यांच्याजवळ खुर्ची टाकून बस, ते तुला पट्टी कशी पाहायची ते दाखवतील, रागावतील, पुन्हा दाखवतील. गाडी गॅरेजमध्ये जायच्या आत ये वं. मी मिस्त्रीला अजून तारीख दिलेली नाही, तुझ्यासाठीच थांबवून ठेवलं आहे त्याला. फार दिवस नको लावू. ये लवकर.